ग्रुपचा मेल सर्व्हर ताब्यात घेतला: जुलै ते नोव्हेंबर २०२५ च्या नोंदी

आमचा ग्रुप म्हणजे संभाजीनगर, जालना, परभणी, लातूर, धाराशिव इकडच्या सिस्टिम सांभाळणाऱ्यांचा. कुणी कॉलेजात, कुणी दवाखान्यात, कुणी पतसंस्थेत, दोघं साखर कारखान्यात, बाकी वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्यांत. सभासद दीडशेच्या आसपास. व्हॉट्सअॅप ग्रुप आहेच, पण तिथं कॉन्फिगची ओळ टाकली की तारे नि अंडरस्कोर गिळून अक्षरं ठळक-तिरकी होतात. आणि सहा महिन्यांनी तेच उत्तर शोधायला गेलं तर ते सणांच्या शुभेच्छांखाली गाडलेलं असतं. त्यामुळं सर्वांना जाणारा एक मेल पत्ता आणि त्यावरची जुनी चर्चा टिकवायची ठरली, नि ते काम माझ्याकडं आलं. दुसऱ्या गावात कुणी हेच काम घेणार असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून लिहून ठेवतोय. एसएमटीपी (मेल नेण्याची पद्धत) वगैरेचा सविस्तर धडा इथं नाही.

१२ जुलै, शनिवार

जुना सर्व्हर चालवणारे दादा कधीचेच पुण्याला गेलेत. इकडचे चांगले सिसॅडमिन शेवटी हिंजवडीलाच जातात, त्यांना तरी काय बोलणार. फोन केला. पासवर्ड कुठंय म्हणलं, तर म्हणाले, "जुन्या लॅपटॉपमधी असंल बघ, चार्जर हुडकावा लागंल."

सर्व्हरवर मेलमन २ आहे, म्हणजे एका पत्त्यावर आलेला मेल सर्व सभासदांना वाटणारं सॉफ्टवेअर. ते पायथॉन २ या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं, आणि पायथॉन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० ला थांबली. डेबियन लिनक्सच्या ११ व्या आवृत्तीत मेलमन २ नाहीच. म्हणजे सर्व्हर अपग्रेड केला तर मेलमन जातं, नाही केला तर बाकीचं सगळं जुनाट होत जातं. दादांनी दुसरा पर्याय घेतला होता. त्यांच्या जागी कुणीही तोच घेतला असता.

खरा घोळ डोमेनच्या खात्याचा निघाला. खातं दादांच्या नावावर. ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं की लिंक जाते त्याच डोमेनवरच्या एका पत्त्यावर, आणि तो मेलबॉक्स बंद पडलेला. दुसरी वाट ओटीपीची, तो जुन्या सिमवर. डोमेनची मुदत सप्टेंबरअखेर संपणार. नशीब असं की सिम चालू होतं: बदनापूरला दादांच्या आईच्या साध्या फोनमध्ये. काकूंना फोन लावला. "बाळा, सहा आकडे हायेत, सगळे सांगू का?" सगळे सांगा म्हणलं.

खातं आता दोघांच्या हातात आहे, माझ्या आणि परभणीच्या ताईंच्या. रिकव्हरीचा पत्ता मुद्दाम दुसऱ्या डोमेनवरचा दिला. खर्च शून्य, शनिवार मात्र पूर्ण गेला. सर्व्हरकडं बघायच्या आधी हे काम उरका. डोमेन हातात नसेल तर पुढचं सगळं वाळूवर.

१९ जुलै

सर्व्हर कुठं ठेवायचा यावर बरीच चर्चा. एकाचं म्हणणं, घरी जुना डेस्कटॉप पडलाय, इन्व्हर्टर आहे, फायबर आहे. घरच्या जोडणीवरून मेल पाठवणं विसरा. आयपी बदलता असतो, बऱ्याचदा शेकडो घरांत मिळून एकच असतो, पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) आपल्या नावाचा मिळत नाही. आणि असे घरगुती आयपी स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीत (थेट मेल पाठवू नये अशा आयपींच्या) बहुधा मुळातच असतात, तुम्ही एकही मेल पाठवला नसला तरी. कॉलेजच्या सर्व्हर रूममध्ये जागा मिळत होती, पण प्राचार्य बदलले की परवानगीही बदलते.

शेवटी मुंबईच्या डेटासेंटरमधला एक छोटा व्हीपीएस (आभासी सर्व्हर) भाड्यानं घेतला. २ जीबी रॅम, महिन्याला सातशेच्या आत. क्लॅमएव्ही हे व्हायरस शोधणारं सॉफ्टवेअर घातलं नाही. व्हायरसच्या सह्या रॅममध्ये धरायलाच त्याला १ जीबीच्या वर लागते. त्याऐवजी अटॅचमेंटचे प्रकार मर्यादित केले. आपल्याला लॉग, कॉन्फिग आणि क्वचित एखादा स्क्रीनशॉट, एवढंच लागतं.

इथं वेळ गेला तो दोन गोष्टींत. एक, बाहेर जाणारं पोर्ट २५ (एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडं मेल जायचं दार) बंद. बहुतेक ठिकाणी नव्या खात्याला ते बंदच असतं, तिकीट (लेखी विनंती) टाकावं लागतं. कंपनीनं विचारलं, कशासाठी हवंय, रोज किती मेल, लोकांची संमती कशी घेता. पहिलं उत्तर दोन ओळींत दिलं होतं, ते नामंजूर. मग सविस्तर लिहिलं तेव्हा उघडलं. दुसरी, मिळालेला आयपी आधीच्या भाडेकरूनं नासवलेला, दोन ब्लॉकलिस्टांत हजर. हे पोर्ट उघडल्यावर कळलं. सर्व्हर मोडून नवा आयपी घेतला आणि तिकिटाचं सगळं पुन्हा. क्रम उलटा ठेवा: आधी आयपी तपासा, मग पोर्ट मागा.

२६ जुलै

पोस्टफिक्स (मेल नेणं-आणणं), डव्हकॉट (मेलबॉक्स), आरस्पॅमडी (स्पॅम गाळणं, सही करणं), मेलमन ३. जोडणी सुरक्षित करणारं लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र आजच घेतलं. यात सांगण्यासारखं फार नाही, वाचत वाचत जमतं. प्रत्यक्ष मेलबॉक्स मोजकेच: संयोजक, खजिनदार, आणि पोस्टमास्टर व अॅब्यूज हे दोन पत्ते. हे शेवटचे दोन ठेवावेच लागतात, बाहेरचा माणूस तक्रार तिथंच पाठवतो.

अडलं ते जुना संग्रह आत घेताना. जुने मेल एमबॉक्स फायलीत आहेत. त्या प्रकारात ‘फ्रॉम’ हा रोमन शब्द नि पुढं मोकळी जागा अशी ओळ सुरू झाली की तिथून नवा मेल सुरू झाला असं धरतात. आपल्या लोकांना रोमनमध्ये ‘फ्रॉम लातूर ऑफिस…’ अशी वाक्यं सुरू करायची हौस. अशा प्रत्येक ठिकाणी एका मेलचे दोन तुकडे झाले आणि दुसऱ्या तुकड्याला ना तारीख ना पाठवणारा. छोटी स्क्रिप्ट लिहून, ज्या ‘फ्रॉम’पुढं पत्ता आणि तारीख दोन्ही नाहीत तिथं आधी एक ‘>’ लावला. मग नीट आलं. काही फार जुने मेल जुन्या मराठी फॉन्टांत टाइप केलेले आहेत, ते आता नुसते चिन्हांचे पुंजके दिसतात. ते तसेच राहू दिले.

२ ऑगस्ट

डीएनएसचा, म्हणजे नावं नि पत्ते जोडणाऱ्या नोंदींचा दिवस. पीटीआर व्हीपीएसवाल्यांच्या पॅनेलमधून लावला आणि त्या नावाचा पत्ता परत त्याच आयपीवर येतो का ते पाहिलं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला हा दोन्हीकडून जुळणारा पीटीआर, टीएलएस (जोडणी गुप्त ठेवणं), आणि एसपीएफ (डोमेनच्या नावानं कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात ती नोंद) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) यांपैकी एक तरी लागतंच. दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (ते दोन्ही जुळले नाहीत तर काय करायचं ते सांगणारं धोरण) तिन्ही. आपण त्याच्या जवळपासही नाही, तरी तिन्ही लावले.

डीकेआयएमची सही तपासात नापास होत राहिली. सहीची की (किल्ली) २०४८ बिटची. डीएनएसच्या टीएक्सटी नोंदीत एका तुकड्यात २५५ अक्षरंच मावतात, त्यापेक्षा लांब असेल तर अवतरणांत तोडून दोन तुकडे द्यावे लागतात. डोमेनच्या पॅनेलनं न तोडता, न बोलता, शेपूट कापून टाकलं होतं. पडद्यावर की पूर्ण दिसत होती, बाहेरून विचारल्यावर अर्धी. पॅनेलवर विश्वास ठेवू नका, ‘डिग’ या आज्ञेनं दुसऱ्या मशीनवरून विचारा.

एसपीएफलाही ‘परमएरर’, म्हणजे नोंदच चुकीची. दादांच्या काळातली जुनी एसपीएफ नोंद तशीच होती, आम्ही शेजारी नवी टाकली. एका नावाला दोन एसपीएफ नोंदी असल्या की दोन्ही बाद. जुनी काढली, काम झालं.

१० ऑगस्ट, रविवार

सकाळी सर्वांना पहिला मेल सोडला. दुपारपर्यंत निम्म्या लोकांचे फोन: आला नाही. लॉग पाहिला.

बरेचसे मेल एका मोठ्या मोफत मेलसेवेनं परत पाठवले होते, कारण आपल्या सर्व्हरनं ते आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) वरून नेऊन दिले. आयपीव्ही६ चा पत्ता व्हीपीएसबरोबर आपोआप मिळालेला, त्याला पीटीआर नाही. पोस्टफिक्सला फक्त आयपीव्ही४ वापरायला सांगितलं. सुटलं. आयपीव्ही६ ला पीटीआर लावूनही जमलं असतं, पण दोन पत्त्यांची अब्रू सांभाळण्यापेक्षा एकाचीच बरी.

मग दुसरी गोष्ट. त्याच सेवेनं उरलेल्यांना ४२१ या आकड्याचा नकार देऊन थांबवलं: नवा आयपी, एकदम इतके मेल, सावकाश या. ४ नं सुरू होणारा नकार तात्पुरता असतो, पोस्टफिक्स पुन्हा प्रयत्न करतं, त्यामुळं घाबरायचं कारण नव्हतं. पण क्यूमधून (थांबलेल्या मेलांच्या रांगेतून) पुन्हापुन्हा सगळेच एकदम धडकत होते. त्या सेवेसाठी वेगळा ट्रान्सपोर्ट (पाठवण्याची वाट) केला, एका फेरीत ५० ऐवजी ५ जण आणि दोन फेऱ्यांत काही सेकंदांचं अंतर. पुढचे दोन आठवडे मुद्दाम थोडेच मेल जाऊ दिले. सभासदांना व्हॉट्सअॅपवर सांगितलं की स्पॅममध्ये सापडला तर ‘स्पॅम नाही’ दाबा आणि एक ओळ का होईना, उत्तर द्या. माझ्या मते सगळ्या सेटिंगपेक्षा याचाच गुण जास्त आला.

२३ ऑगस्ट, पोळ्याचा दुसरा दिवस

या नोंदीत सगळ्यात जास्त लिहायचंय, कारण इथंच बहुतेक जण हात टेकतात.

एका दवाखान्यातल्या सभासदानं बॅकअपबद्दल प्रश्न विचारला. त्यानंतर अचानक वीसेक लोकांच्या नावापुढं मेलमनमध्ये मेल परत आल्याचे गुण चढायला लागले. त्या वीस जणांनी काहीच केलं नव्हतं.

झालं असं. त्या दवाखान्याच्या डोमेनचं डीमार्क धोरण ‘रिजेक्ट’ आहे, म्हणजे आमच्या नावानं आलेला मेल ना सहीत जुळला ना एसपीएफमध्ये, तर नाकारा. आपला सामायिक पत्ता विषयात ग्रुपचं नाव जोडत होता आणि खाली तळटीप लावत होता. मजकूर बदलला की मूळ डीकेआयएम सही तुटते. एसपीएफ आपल्या सर्व्हरचं पास होतं, पण ते आपल्या डोमेनचं, त्यांच्या नाही. मग घेणाऱ्या सर्व्हरांनी त्यांचं धोरण पाळून मेल नाकारला, आणि मेलमननं तो नकार घेणाऱ्याच्या खात्यात बाउन्स (परत आलेला मेल) म्हणून लिहिला. मेलमन एका दिवसाला एक गुण धरतं, पाच झाले की त्या माणसाचं वितरण थांबवतं. म्हणजे दवाखान्याच्या धोरणाची शिक्षा लातूरच्या माणसाला. एप्रिल २०१४ मध्ये याहू कंपनीनं स्वतःच्या डोमेनला ‘रिजेक्ट’ लावलं तेव्हा जगभरच्या अशा पत्त्यांवर हाच गोंधळ झाला होता.

आधी तळटीप आणि विषयातलं नाव दोन्ही काढलं, मजकूर जसाच्या तसा गेला तर सही टिकेल म्हणून. बऱ्याच मेलना टिकली. पण मेलमन एचटीएमएल (सजवलेल्या मजकुराचा) भाग काढून टाकतं, तो मजकुरातला बदलच, त्यामुळं फोनवरून लिहिलेल्या मेलांची सही तुटतच राहिली. एचटीएमएल राहू द्यावं तर जुना संग्रह घाण होतो.

शेवटी मेलमनची डीमार्कसाठीची सोय चालू केली: ज्यांचं धोरण ‘रिजेक्ट’ किंवा ‘क्वारंटाइन’ (स्पॅममध्ये टाका) आहे फक्त त्यांच्याच मेलात पाठवणाऱ्याच्या जागी ग्रुपचा पत्ता येतो, आणि मूळ माणूस ‘रिप्लाय-टू’मध्ये जातो. दिसायला वाईट दिसतं, ‘अमुक, ग्रुपमार्फत’ असं. जालन्याचे एक सर नाराज झाले. "विषयातलं नाव गेलं, आता मी फिल्टर कशावर लावू?" त्यांना लिस्ट-आयडी हेडरवर (मेलातली ग्रुपची ओळख सांगणारी, एरवी न दिसणारी ओळ) फिल्टर लावून दाखवला. तरी त्यांना जुनंच बरं वाटतं आणि ते दर बैठकीत सांगतात.

आधीचे सगळे बाउन्स गुण शून्यावर आणले. हे विसरला तर चांगली माणसं पुढच्या आठवड्यात गळतात.

१ सप्टेंबर, महालक्ष्म्यांचं जेवण

शनिवारी पोस्टफिक्समध्ये स्पॅमहाउसच्या यादीची ओळ घातली होती. तेव्हापासून बाहेरून एकही मेल आत आला नाही. कुणाला कळलं नाही, कारण तक्रार करायची सोय मेलवरच. आज दुपारी, पुरणपोळ्या पानात पडत असताना लातूरहून फोन: "अहो, तुमचा सर्व्हर मला स्पॅमर म्हणायलाय."

सगळ्यांनाच म्हणत होता. सर्व्हरचे डीएनएसचे प्रश्न एका सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत (डीएनएसची उत्तरं शोधून देणारा सर्व्हर) जात होते. स्पॅमहाउस अशा सार्वजनिक रिझॉल्व्हरांमार्फत आलेले प्रश्न स्वीकारत नाही आणि उत्तरात १२७.२५५.२५५.२५४ हा खुणेचा पत्ता देतं. पोस्टफिक्सच्या त्या साध्या ओळीला काहीही उत्तर आलं की ‘यादीत आहे’ असंच वाटतं. म्हणून जगातला प्रत्येक आयपी यादीत.

अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर सर्व्हरवरच बसवला आणि ओळीत कुठली उत्तरं खरी धरायची ते लिहिलं, १२७.०.०.२ ते ११. दोन्ही करा, एकावर भागवू नका. ५ नं सुरू होणारे, म्हणजे पक्के नकार गेल्यामुळं ते मेल पाठवणाऱ्यांकडं परत गेले, आपल्याकडं त्यांची प्रत नाही. आता नियम केलाय: आत येणाऱ्या मेलांच्या नियमात काहीही बदल करायचा असला की पोस्टफिक्सचं ‘सॉफ्ट बाउन्स’ चालू ठेवायचं. त्यानं पक्के नकार तात्पुरते होतात, समोरचा सर्व्हर पुन्हा येतो. दोन दिवस लॉग बघून मग बंद. आणि बाहेरच्या एका खात्यातून दर तासाला एक मेल येतो, आला नाही की माझ्या आणि ताईंच्या फोनवर एसएमएस.

१७ सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन

सुट्टी होती, म्हणून ताईंनी रिस्टोर करून पाहायचं ठरवलं. मी फोन घ्यायचा नाही, त्यांनी फक्त लेखी टिपणावरून नवा सर्व्हर उभा करायचा. तासाभराच्या भाड्यानं एक व्हीपीएस घेतला, खर्च चहाच्या आतला.

संध्याकाळी त्यांनी यादी पाठवली. डीकेआयएमची खासगी की बॅकअपमध्ये नव्हती: ती फाइल आरस्पॅमडीशिवाय कुणाला वाचता येत नाही, बॅकअप साध्या युजरनं चालतो, आणि ‘परवानगी नाही’ ही ओळ लॉगमध्ये रोज येत होती, कुणी वाचत नव्हतं. मेलमनचा डेटाबेस आला, पण पोस्टफिक्सला कुठला पत्ता मेलमनकडं द्यायचा त्याचे नकाशे नव्हते. ते ‘मेलमन अलायसेस’ या आज्ञेनं पुन्हा तयार होतात, टिपणात ती ओळच नव्हती. आणि टिपणात एके ठिकाणी लिहिलेलं: ‘नेहमीप्रमाणे फायरवॉल.’ नेहमीप्रमाणे म्हणजे कुणाच्या नेहमीप्रमाणे, असं त्यांनी विचारलंय. टिपण आता त्यांनीच पुन्हा लिहिलंय, माझ्यापेक्षा चांगलं.

डोमेनही आजच नूतनीकरण केलं, नऊशेच्या आत.

२७ सप्टेंबर

धाराशिव, बीड, लातूर, सगळीकडं पाणी. धाराशिवकडच्या एका सभासदाच्या संस्थेचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे, तळमजल्यावर. स्विच आणि यूपीएस दोन्ही भिजले, कधी चालू होईल सांगता येत नाही म्हणाले. आपल्या क्यूमध्ये त्यांचे मेल थांबलेत. पोस्टफिक्स पाच दिवस वाट बघतं, मग मेल परत पाठवतं, मग मेलमन गुण मोजायला लागतं.

त्यांचे क्यूमधले मेल होल्डवर टाकले, पोस्टसुपर (पोस्टफिक्सची रांग हाताळणारी आज्ञा) हिचा लहान ‘एच’. होल्डवर असताना मुदत लागू होत नाही. मेलमनमध्ये त्यांचं वितरण हातानं थांबवलं. सर्व्हर परत आल्यावर मोठ्या ‘एच’नं सोडायचं नाही, लहान ‘आर’नं पुन्हा रांगेत घालायचं; जास्त दिवस होल्डवर राहिलेला मेल नुसता सोडला तर त्याची मुदत संपलेली धरली जाते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा सर्व्हर आला, सगळे मेल गेले.

२४ ऑक्टोबर, भाऊबीजेचा दुसरा दिवस

खजिनदारांच्या फोनवर ‘प्रमाणपत्राची मुदत संपली’. प्रमाणपत्र ९० दिवसांचं, २६ जुलैला घेतलेलं, आज संपलं हे बरोबर. पण नवं महिन्यापूर्वीच आपोआप येऊन डिस्कवर बसलंय. डव्हकॉट मात्र मेमरीतलं जुनंच दाखवत होतं, त्याला रीलोड कुणी केलं नाही. पोस्टफिक्सचे एसएमटीपीडी (मेल आत घेणारे प्रोग्राम) अधूनमधून नव्यानं सुरू होतात, त्यांनी नवं कधीच उचललं होतं, म्हणून दर तासाची चाचणी पास होत राहिली. प्रमाणपत्र आणणाऱ्या सर्टबॉटच्या डिप्लॉय हुकमध्ये (नवं आलं की चालणाऱ्या आज्ञा) दोन्हींचं रीलोड घातलं. चाचणीत आता डव्हकॉटच्या पोर्ट ९९३ वरच्या प्रमाणपत्राची तारीखही बघतो.

२ नोव्हेंबर

खर्च: व्हीपीएस आणि डोमेन मिळून वर्षाला नऊ-साडेनऊ हजार. बैठकीत यूपीआयवर जमले, वर थोडे उरले.

राहिलेलं एक काम. आपल्या डोमेनचं डीमार्क अजून ‘नन’वर आहे, म्हणजे फक्त अहवाल येतात. ते ‘क्वारंटाइन’वर न्यायचंय. पण अहवालांत आपला नसलेला एक आयपी दर सोमवार ते शनिवार आपल्या नावानं थोडेसे मेल पाठवताना दिसतो. दादांना विचारलं तेव्हा आठवलं: जालन्यातल्या एका पतसंस्थेत त्यांनी स्कॅनर लावून दिला होता, पाठवणारा पत्ता म्हणून ग्रुपचाच टाकला होता, चाचणीपुरता. तिथले कर्मचारी रोज त्यावरूनच कागद स्कॅन करून एकमेकांना पाठवतात. धोरण कडक केलं की त्यांचे स्कॅन स्पॅममध्ये जातील. स्कॅनरचा अॅडमिन पासवर्ड दादांकडं नाही, पतसंस्थेकडंही नाही. पुढच्या आठवड्यात जालन्याचे सर जाऊन तो रीसेट करणार आहेत, त्यानंतर ‘क्वारंटाइन’.